वारा समोरून, आणि काकूंचे पाय रिकामे

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मी कयाकिंगला, म्हणजे लहान अरुंद बोट वल्हवायला, लोकांना घेऊन जातो, खाडीत आत जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं असा साधारण हिशोब असतो. त्या दिवशी समुद्रावरनं वारा रोजच्यापेक्षा लवकर सुटला. पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येतोय, असं झालं की लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि हलकी बोट तर वाऱ्याने मागेच ढकलली जाते.

ग्रुपमधल्या पुण्याच्या एका काकू मागे पडायला लागल्या. हात जोरात चालू होते त्यांचे, पाणी भरपूर उडत होतं, पण बोट जागची हलेना. "दादा, खांदे गेले माझे," म्हणाल्या. मी जवळ जाऊन विचारलं, काकू पाय कुठे टेकलेत? "आहेत की पुढे, आरामात." तेच तर झालं होतं, पाय सरळ पसरलेले आणि पेगला, म्हणजे बोटीतल्या पाय टेकवायच्या आधाराला, फक्त पायाची बोटं लागतायत.

आम्ही कांदळवनाच्या आडोशाला बोटी लावल्या आणि मी त्यांचे दोन्ही पेग ज्या पट्टीवर सरकतात त्या रेलवर अलीकडे घेतले, गुडघे जरा वर येतील, पण मांड्या अडकणार नाहीत इतपतच, आणि पायाचा चवडा पेगवर नीट बसला. मग सांगितलं की वल्हं पाण्यात रुतलं की ते जवळपास तिथेच राहतं, आपण बोट त्याच्या पुढे न्यायची असते, आणि तुम्ही हाताने ओढलेला जोर बोटीला मिळणार कुठून, तर पायातून! पाय टेकलेले नसले की तुम्हीच सीटवर पुढे सरकता, मग सगळा भार खांद्यावर.

उजवीकडे वल्ह्याचं पातं पूर्ण बुडालं की उजवा पाय दाबायचा, त्या बाजूचं कंबरडं मागे जातं, धड वळतं, डावा गुडघा वर येतो, म्हणजे सायकलचं पेडल मारल्यासारखं. काकू उलटा पाय दाबायला लागल्या, बहुतेकांचं होतं हे, कारण चालताना उजवा हात पुढे जातो तेव्हा डावा पाय पुढे असतो आणि इथे एकाच बाजूचे हात-पाय बरोबर काम करतात. म्हणून मी वल्हं मांडीवर ठेवायला लावलं आणि नुसते पाय चालवून घेतले, कंबर वळतेय असं त्यांना स्वतःला जाणवेपर्यंत. गुडघा पूर्ण ताठ करायचा नाही आणि पातं बुडायच्या आधी पाय मारायचा नाही, नाहीतर जोर फुकट जातो आणि बोट नुसती डुचमळते, या दोन गोष्टी मी परत परत सांगितल्या.

मग निघालो. स्ट्रोक कमी झाले पण प्रत्येक स्ट्रोकला बोट सरकत होती, पातं पायापाशी आत आणि कंबरेपाशी बाहेर, एकदम छान! संगमापर्यंत त्या स्वतः आल्या, बोट ओढायची दोरी, म्हणजे टो-लाइन, काढावी लागली नाही मला, आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला.

संध्याकाळी त्यांना लिसा कॅरिंग्टनच्या रेसेस बघायला सांगितल्या, न्यूझीलंडची कयाक शर्यतपटू, 8 ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत तिची, म्हटलं हात बघू नका, गुडघे बघा. शर्यतीच्या स्प्रिंट बोटीत तर पायावर पट्टा असतो, एक पाय ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. पॅराकनूमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या शर्यतींत, कयाकचे केएल1, केएल2, केएल3 असे गट ठरवताना धड आणि पाय किती काम करतात हेच तपासतात, इतका फरक पडतो पायांनी.

जाताना काकूंनी विचारलं की पुण्याजवळ धरणावर भाड्याने बोट घेतली तर काय बघून घेऊ. म्हटलं, आधी बसून दोन्ही पायांनी जोरात दाबून बघा, रडरवाली, म्हणजे पायाने वळवायचं सुकाणू असलेली, बोट असेल तर काहींमध्ये अख्खं पेडलच पुढे-मागे सरकतं, त्यावर जोर देताच येत नाही आणि बोट वळत राहते, त्यापेक्षा खालचा भाग पक्का आणि फक्त वरचा भाग चवड्याने हलणारा असेल ती घ्या, तशी नसेल तर बिनरडरची मागा.