गोड पाण्याच्या टाक्याला आधी गोड पाणी लागतं

मी गवंडी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात घरं, ओटे, गुरांचे हौद बांधत आलो. अलीकडे मात्र लोक एकाच कामासाठी बोलावतात: पावसाचं पाणी साठवायचं टाकं. पुतण्या म्हणाला, "काका, फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगत बसता, एकदा लिहून टाका." म्हणून हे.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेला जाते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना हा पट्टा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे नुसता गाळ. बोअर मारला की दगड लागत नाही, खारं पाणी लागतं. समुद्र कुठच्या कुठे, पण पाहुणा पहिला घोट घेतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हेच पाणी पिकाला दिलं तर जमीन कडक होते, म्हणून विहीर भरलेली असूनही शेती कोरडवाहू. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं मानक सांगतं. शाळेतल्या सरांकडे ते मोजायचं पेनासारखं मीटर आहे. आमच्या जुन्या विहिरीत त्याने दुसराही आकडा ओलांडला.

गोड पाणी आमच्याकडे सातपुड्यातून येतं. पायथ्याला वान, शहानूर अशी धरणं आहेत आणि तिथून लांबलांबचे पाइप निघतात. आमचं गाव ज्या पाइपाच्या शेपटीला आहे त्याचं नाव घेत नाही, पण शेपटीला काय पोचतं ते शेपटीवाल्यालाच माहीत. मग पाण्याचे कॅन आले. कॅनला मी नावं ठेवत नाही, घरी तान्हं लेकरू असताना मीही आणले. फक्त एवढंच की आरओ मशीन जेवढं गोड पाणी देतं, तेवढंच किंवा त्याहून जास्त खारं पाणी मागच्या नळीने बाहेर टाकतं, आणि ते जातं आपल्याच नाल्यात. वर दहा रुपयांचा कॅन रोज धरला तरी वर्षाचे साडेतीन हजारांवर जातात.

टाकं म्हटलं की बायका आधी हिशेब विचारतात आणि माणसं आधी अनुदान विचारतात. मी हिशेबापासून सुरू करतो. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. ४० चौरस मीटरचा पत्रा, म्हणजे साधारण सव्वाचारशे चौरस फूट. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर २८ हजार लिटर. उडालं, सांडलं, सोडून दिलं म्हणून पाचवा हिस्सा वजा करा, तरी २२ हजार उरतात. आता खर्च बघा. पाच माणसांच्या घरात प्यायला आणि स्वयंपाकाला रोज ३० लिटर म्हणजे सढळ हात झाला. पाऊस थांबल्यापासून पुढच्या मृगापर्यंत आठ महिने, २४० दिवस. ७ हजार २०० लिटर. म्हणून मी आठ हजारांचं टाकं बांधतो. त्याहून मोठं कोणी मागितलं तर आधी घरात माणसं किती ते विचारतो.

एका मावशीने मला अडवलं होतं. "मिस्त्री, टाकं त तुमी बांधून देसान, पन पानीच नाई पडलं त?" मी तिथेच विटेच्या तुकड्याने भिंतीवर मांडून दाखवलं. पाऊस निम्मा झाला तरी अकरा हजार लिटर येतं आणि टाकं आठ हजारांचं. ती म्हणाली, "मंग बांदा." इतका लवकर निर्णय मी माझ्या धंद्यात फार कमी वेळा पाहिला आहे.

जल जीवन मिशन २०१९ मध्ये आलं, माणशी रोज ५५ लिटर नळाने द्यायचं त्यात ठरलं. चांगलंच आहे. पण त्यातलं पोटात जाणारं पाणी पाच-सहा लिटर, बाकी अंघोळ, कपडे, भांडी, संडास. सगळंच गोड पाहिजे असा हट्ट धरला की माणूस शंभर किलोमीटरच्या पाइपाची वाट बघत बसतो. पोटातलं वेगळं काढलं की ते आपल्याच छपरावर सापडतं. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं सिमेंटचं.

आता सिमेंटचं.

आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीत खड्डा खणून बांधलेलं टाकं ती माती दर वर्षी दाबते आणि सोडते. गावात पूर्वी बाहेरून आलेल्या एका संस्थेने असं एक जमिनीतलं टाकं बांधून दिलं होतं, फोटो निघाले, नारळ फुटला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला उभी चीर गेली. चिरेतून गोड पाणी बाहेर गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण पावसाळ्यात बाहेरचं आत येत होतं. म्हणून आम्ही जमिनीवर बांधतो. खालची काळी माती दोन फूट काढायची, तिथे मुरूम भरून कुटायचा आणि भोवती उताराचा ओटा करायचा, म्हणजे बुडाशी पाणी मुरत नाही. या पट्ट्यात मुरूम नाही, गिट्टी नाही. सगळं डोंगराकडून ट्रॅक्टरने आणावं लागतं आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो.

टाकं गोल, फेरोसिमेंटचं. वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची जोडलेली जाळी, उभी करायची, तिला आतून-बाहेरून कोंबडी जाळी तारेने घट्ट बांधायची आणि एकास तीन मालाने, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग रेती, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. भिंत जेमतेम दीड इंच. लोक बोटाने वाजवून बघतात आणि म्हणतात, हे पापडासारखं, हे फुटणार. गोलाला कोपरा नसतो, पाण्याचा दाब चहूकडे सारखा वाटला जातो आणि ताण जाळी घेते. चौकोनी बांधायचं तर भिंत जाड पाहिजे, आणि तरी ते कोपऱ्यातच फुटतं.

आता शीर्षकातली गोष्ट. माल कालवायला पाणी लागतं, आणि गावात मुबलक आहे ते खारं. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड जाळीचं लोखंड खातो. लोखंड असलेल्या कामाला लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइडचं पाणी वापरू नये, असं बांधकामाच्या मानकात आहे. दीड इंचाच्या भिंतीत लपायला जागा किती? गंज चढला की प्लास्टर पोपडे टाकतं आणि पाच वर्षांत टाकं कामातून जातं. तेव्हा गोड पाण्याचं टाकं बांधायला आधी गोड पाण्याचा टँकर आणायचा, माल त्यात, आणि तराई, म्हणजे ताजं प्लास्टर ओलं ठेवणं, तीही त्याच पाण्याने. तराईला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा भिजवायचं, निदान दोन आठवडे. इथे घरमालक कुरकुरतो. प्यायला पाणी नाही अन् मिस्त्री भिंतीला पाजतो, असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. बचत गटाच्या बायकांनी याला तोड काढली. चार टाकी लागोपाठ घ्यायची, एकच टँकर, आणि तराईची पाळी आपसात लावायची. टँकरचा खर्च चौघींत वाटला गेला आणि माझीही खेप वाचली.

खर्च आम्हाला लिटरमागे सहा रुपयांच्या आसपास पडला. आठ हजारांचं टाकं म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. मजुरी करणाऱ्या घराला हे जड आहे, ते मी गोड बोलून हलकं करत नाही. दहाच्या कॅनशी तुलना केली तर पैसे वसूल व्हायला तेरा वर्षं लागतात, वीसच्या कॅनशी केली तर साडेसहा. गटाने कर्ज काढलं, हप्ते पाडले. काहींचे थकलेही.

बांधून झाल्यावरची कामं बाईच्या डोक्यावर येतात, हे मला आवडत नाही, पण येतात. मृगाच्या आधी पत्रे आणि पन्हाळी झाडायची. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी टाक्यात घ्यायचं नाही, त्यासाठी पाइपाला खालून उघडणारं बूच ठेवतो. मग गिट्टी, रेती, कोळशाच्या गाळणीतून पाणी आत. वरचं झाकण बंद, हवेच्या नळीला बारीक जाळी. जाळी फाटली की डास आत, आणि मग गावात डेंग्यू. पाणी नळानेच काढायचं, गुंड (आमच्याकडे पाणी भरायचं भांडं) किंवा हात आत बुडवायचा नाही. नळ बुडापासून चार बोटं वर, गाळ खाली राहतो. ओटा एवढा उंच की नळाखाली गुंड उभा मावेल. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पूर्ण भरलेल्या टाक्याला वीस ग्रॅम: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाक्यात ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पिशवी उघडी राहिली की पावडरीचा जोर जातो. शंका आली तर आरोग्य उपकेंद्रात तपासणीची छोटी बाटली मिळते का विचारा. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवली आणि काळी पडली, तर पाणी दूषित.

सध्या अडलंय ते धाब्याच्या घरांचं. मातीच्या छतावरून पाणी नाही, गढूळ गाळ येतो. जी घरं सगळ्यात गरीब, त्यांच्याकडेच पत्रा नाही. शाळेचा पत्रा मोठा आहे. तिथे मोठं टाकं बांधून अशा सहा घरांनी मिळून वापरायचं, असं ग्रामसभेत निघालं. किल्ली कोणाकडे यावर दोन तास गेले. सर म्हणतात शाळेकडे, पण उन्हाळ्यात शाळा बंद आणि पाण्याची गरज तेव्हाच. गटाच्या अध्यक्षबाई म्हणतात आमच्याकडे, तर दुसऱ्या गटाला ते नको. शेवटी दोन कुलपं लावायचं ठरलं आहे. मला ते पटलेलं नाही, पण मी मिस्त्री, सरपंच नाही. मुरूम येऊन पडलाय, जाळी दर्यापूरहून यायची आहे.

आपल्या पट्ट्यात कोणाला टाकं बांधायचं असेल, तर मला फोन करायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवा. पत्र्याची लांबी-रुंदी. पत्रा टिनाचा आहे की सिमेंटचा, कारण जुन्या सिमेंटच्या पत्र्यावरचं पाणी मी प्यायला घेत नाही. आणि पत्र्यावर वडा-पिंपळाची फांदी किंवा कबुतरांचं बस्तान आहे का. काम होळीच्या आत सुरू करा, उन्हं तापल्यावर तराई निभत नाही.