झाकण लावलं की गुणगुणणारा पॉवर सप्लाय

सरांचा फोन आला तेव्हा, त्यांच्या कोरीवकामाच्या मशीनला वीज पुरवायला आम्ही बनवलेल्या सप्लायची तक्रार ऐकून आधी हसूच आलं. "सप्लाय उघडा असला की गप्प असतो, झाकण लावलं की गुणगुणायला लागतो. आणि झाकण तापतं हो! मधोमध. हात ठेववत नाही."

गुणगुणीचं मी मनावर घेतलं नसतं. पत्र्याचं झाकण ढिलं असलं की ट्रान्सफॉर्मरच्या सुरात सूर मिसळतंच. पण मधोमध तापतं म्हटल्यावर हसू गेलं. तापणारी एकच वस्तू आत होती, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), आणि तो बाजूच्या भिंतीला हीटसिंकसकट कसलेला. मधोमध होता तो ट्रान्सफॉर्मर, आणि मशीन नुसतं उभं असताना त्याला तापायचं काही कारण नव्हतं. "चालू करू नका, मी येतो," म्हटलं.

सर हौसेनं लाकडावर कोरीवकाम करणारं, संगणकानं चालवायचं सीएनसी मशीन बनवत होते. नेमा 23 आकाराच्या तीन स्टेपर (पावलापावलानं फिरणाऱ्या) मोटारी, प्रत्येकी 3 अँपिअर, आणि 50 व्होल्टपर्यंत चालणारे ड्रायव्हर, म्हणजे मोटारींना प्रवाह देणारी सर्किटं. सप्लायचा आराखडा माझा, जोडणी आम्ही दोघांनी मिळून केलेली. त्यांचा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच होता: मोटारीच्या माहितीपत्रकात 3 व्होल्ट लिहिलंय, मग तुम्ही 38 कशाला देताय? तो 3 व्होल्टचा आकडा मोटार स्थिर उभी असतानाचा, म्हणजे नुसत्या तारेच्या रोधाचा. मोटार फिरायला लागली की प्रत्येक पावलाला गुंडाळीतला प्रवाह नव्यानं चढवावा लागतो आणि गुंडाळीचं इंडक्टन्स त्याला अडवतं. व्होल्टेज जास्त असेल तर प्रवाह लवकर चढतो, वेगातही ताकद टिकते. जास्तीचं व्होल्टेज मोटार जाळत नाही, कारण ड्रायव्हर प्रवाह ठरवलेल्या मर्यादेला तोडत राहतो. मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढून 32 नं गुणायचं, की व्होल्टेजची वरची मर्यादा मिळते, असा हौशी लोकांत रुळलेला ठोकताळा आहे. आमच्या मोटारी 2 मिलिहेन्रीच्या, म्हणजे 45.

सरांना मात्र 36 व्होल्टची सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची बाहेर वीज देणारी गुंडाळी, हवी होती. "50 पर्यंत चालतं ना? मग कंजुषी कशाला?" कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणून 36 ला 1.414 नं गुणलं की जवळजवळ 51 होतात. रेक्टिफायरमध्ये दीड-दोन व्होल्ट गेले तरी बिनलोडचं व्होल्टेज वर चढतं, मेन्स (घरात येणारी वीज) कधी दहा टक्के जास्त येते, आणि मोटारी झटक्यात थांबल्या की स्वतःच जनरेटर होऊन कपॅसिटरमध्ये वीज परत ढकलतात. ड्रायव्हर त्यातच मरतात. म्हणून 28 व्होल्टची सेकंडरी घेतली, लोडवर साधारण 38 मिळतात. प्रवाहासाठी मोटारींच्या बेरजेचा दोन तृतीयांश भाग पुरतो, म्हणजे 6 अँपिअर. कपॅसिटर 12,000 मायक्रोफॅरड, त्यावर 1 किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर, बंद केल्यावर तो रिकामा करणारा. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, म्हणजे मधे भोक असलेल्या कड्यासारखा, 500 व्हीए ताकदीचा. 300 चा काठावर चालला असता, पण कपॅसिटर भरताना ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह उसळ्या मारत जातो आणि तो दिसतो त्यापेक्षा जास्त तापतो. मला काठावरची कामं आवडत नाहीत.

हे सगळं प्लायवूडच्या पाटावर बसवून आम्ही चालवून पाहिलं होतं आणि ते उत्तम चाललं होतं. धातूचा खोका नंतर आला, सरांनी स्वतः आणलेला, नीटस, पावडर कोटिंग केलेला.

पोचल्यावर आधी ब्लीडरनं कपॅसिटर रिकामा होऊ दिला. एलईडी विझला तरी मीटरवर शून्याजवळ आल्याखेरीज मी आत हात घालत नाही. मग झाकण काढून तारा पाहिल्या. कुठे चिमटलेली नाही, इन्सुलेशन शाबूत. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी) आणि खोका यांच्यात काही नाही. सरांचा संशय मेन्सवर होता. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर मेन्समधल्या थोड्याशा डीसीनंही गुणगुणतात हे त्यांनी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. अर्ध्या शक्तीवर चालवलेला हेअर ड्रायरसुद्धा तेवढा गोंधळ घालू शकतो. पण मेन्समधल्या डीसीला झाकण लागलंय की नाही हे कसं कळणार?

म्हणून मेन्सच्या एका तारेवर क्लँप मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारा) लावला, मोटारी सोडवून ठेवल्या आणि सप्लाय उघडाच चालू केला. 0.07 अँपिअर. आवाज नाही. बंद केला, झाकण नुसतं वर ठेवलं, पुन्हा चालू केला. तेवढेच. मग तसाच चालू ठेवून सरांना चार कोपऱ्यांचे स्क्रू हळूहळू पिळायला सांगितलं. तिसरा स्क्रू बसता बसता बारीक गुणगुण सुरू झाली आणि आकडा 0.3 वर गेला. चौथा कसला तेव्हा 0.65. सर पेचकस हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

बंद करून झाकण उलटं केलं. मधोमध, मसुराएवढ्या जागेत, पावडर कोटिंग उडालेलं होतं आणि कडेला तपकिरी पडलेलं. बरोबर त्याच्या खाली टोरॉइडच्या भोकातून वर आलेला बोल्ट, टोकाला चकचकीत घासलेला.

हा बोल्ट ट्रान्सफॉर्मरला तळाशी धरून ठेवतो, म्हणजे खालून खोक्याला टेकलेलाच असतो, आणि ते चालतं. वरचं टोकही झाकणाला टेकलं की बोल्ट, झाकण, भिंत, तळ असं कडं पुरं होतं आणि ते कडं गाभ्याच्या मधून जातं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला एक वेढ्याची आणखी एक सेकंडरी मिळाली, तीही शॉर्ट केलेली. सरांना पटेना. मग इन्सुलेटेड तारेचे दहा वेढे टोरॉइडभोवती घातले आणि मोजलं: साडेचार व्होल्ट. एका वेढ्याला अर्धा व्होल्टही नाही.

"एवढ्याशानं काय होणार?" सर म्हणाले.

कड्याचा रोध दीड मिलिओहम धरला तर तीनशे अँपिअर होतात. वॅटमध्ये सव्वाशेच्या वर, सगळे त्या बोल्टात, झाकणात आणि त्या मसुराएवढ्या जागेत. प्रायमरीवर मात्र ते सुमारे 0.6 अँपिअरनंच वाढलेलं दिसतं आणि तिथे 4 अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे उशिरा उडणारा, फ्यूज आहे. टोरॉइड चालू होतानाचा झटका सोसायला तो तसाच लागतो. त्यामुळे फ्यूज उडणं शक्यच नव्हतं. त्यातून धोका असा की शॉक बसत नाही, मेगर काही सांगत नाही, आणि जोडणी असली की वाजणारा कंटिन्युइटी बझर तर बोल्ट तळाला कसलेला असल्यामुळे तसाही वाजणारच. चांगल्या सप्लायमध्येही वाजतो.

ट्रान्सफॉर्मर बाहेर काढूनच बोल्ट कापला, लोखंडाचा कीस आत पडायला नको म्हणून. झाकण आणि टोक यांच्यात आता बोटभर जागा आहे. सर नुसता इन्सुलेशनचा कागद चिकटवू म्हणत होते. मी नको म्हटलं, कागद कधीतरी घासतो. चारही स्क्रू कसून पुन्हा मोजलं, 0.07.

मग मोटारी जोडल्या, मीटर कपॅसिटरवर लावला, आणि तिन्ही अक्ष पूर्ण वेगानं पळवून एकदम थांबवायला लावले. काटा नसलेल्या मीटरवर उसळी नीट धरता येत नाही, म्हणून कमाल आकडा धरून ठेवणारं बटण दाबून ठेवलं होतं. 44 व्होल्ट. सरांनी कागदावर 36 गुणिले 1.414 मांडलं, त्यात आत्ताची वाढ मिळवली, आणि कागद माझ्याकडे न सरकवता खिशात घातला.