तिसरं रीडिंग

आमच्या नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांना ऋतूंची नावं आहेत, हिवाळी आणि उन्हाळी. माझी एमएस्सी केमिस्ट्रीची शेवटची परीक्षा उन्हाळी २०२३ ची. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आम्ही चौघी मैत्रिणी बर्डीवर गेलो, काही घ्यायचं नसताना मोदी नंबर तीनच्या बाजारगल्लीत तासभर फिरलो आणि संध्याकाळी आपापल्या घरी गेलो. यानंतर आपल्याला हिवाळी नाही, हे तेव्हा एकीच्याही लक्षात आलं नाही.

पहिलीपासून मोजलं तर सतरा वर्षं. या सतरा वर्षांत पुढे काय करायचं हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. सातवीनंतर आठवी होती, बारावीनंतर बीएस्सी. कंटाळा आला, मार्क कमी पडले, रडून झालं, तरी पुढची पायरी कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली असायची. सगळे मला हुशार म्हणायचे. समोरची पायरी नीट चढणं यालाच आम्ही सगळे हुशारी समजत होतो.

१ ऑगस्टला मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये लागले. पाणी आणि सांडपाणी तपासणारी लॅब. पगार १४,००० रुपये. आम्ही नंदनवनला राहतो, त्यामुळे सकाळी बाबा मला प्रजापतीनगर मेट्रो स्टेशनवर सोडायचे, तिथून ॲक्वा लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला लोकमान्यनगर, मग शेअर ऑटो. चितार ओळी, रेल्वे स्टेशन, बर्डी, शंकरनगर, आणि मग अंबाझरी तलावाचं पाणी. पहिल्या आठवड्यात मी ते पाणी बघायला खिडकीशी उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटून बसायला लागले.

कामात जीव नव्हता असं नाही, माझा त्यात नव्हता. सकाळी आधी बाटल्या धुवायच्या. मग कारखान्यांच्या सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण मोजायचा एक आकडा: नमुन्यात डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून १५० अंशांवर दोन तास ठेवायचं, थंड झालं की रंग दाखवणाऱ्या फेरॉइनचे थेंब टाकून टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडत राहायचं, निळसर हिरव्याचा वीटकरी रंग झाला की थांबायचं. दुपारनंतर बोअरच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा. बाटलीवर ना गावाचं नाव ना माणसाचं, फक्त कोड. आकडा काढायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, पुढची बाटली.

मला नीरीत, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत, संशोधन करायचं होतं. हे कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून काढायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीत तयार झाली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दोन दिवस त्याच धुंदीत होते. दात पिवळे पडलेली, हाडं वाकलेली गावंच्या गावं, आणि त्यावर तुरटी-चुन्यासारखा कुठल्याही दुकानात मिळणारा उपाय! आयुष्याला अर्थ असतो तो असा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच्यापुढे बाटल्या धुणं म्हणजे काय?

पुण्याला गेलेली मैत्रीण रात्री फोन करायची. 'काय करून राहिली बे तू तिथं? नागपुरात काय ठेवलं आहे?' मला उत्तर सुचायचं नाही. बाबा बोलून दाखवायचे नाहीत, पण जेवताना हळूच विषय काढायचे, 'बँकेचे फॉर्म निघाले आहेत म्हणे.' आई म्हणायची, जेवू द्या तिला.

आता जे लिहिणार आहे ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका बोअरच्या पाण्याची हार्डनेस काढत होते. ५० मिलिलिटर पाणी, ब्युरेटमध्ये ईडीटीएचं द्रावण. पहिलं रीडिंग ८.६ मिलिलिटर, दुसरं ८.६. तिसरं मी घेतलंच नाही. रजिस्टरमध्ये ८.६ लिहून टाकलं. गुणाकार केला, १७२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, झालं. कॉलेजात तीन रीडिंग जुळायला लागायची, आणि ती कशी जुळवायची हे आम्हाला सगळ्यांना येत होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जो अननोन, म्हणजे तपासायचा अनोळखी नमुना, मिळतो, त्याचं उत्तर सरांच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. आपण आकड्याकडे जात नाही, सरांच्या वहीकडे जातो. दोन सारखी आली की तिसरी तशीच येणार, ती लिहून मोकळं व्हायचं. पाच वर्षं मी हे केलं होतं आणि यात खोटं काही आहे असं मनाला एकदाही टोचलं नव्हतं.

आमच्या लॅबमधल्या सीनियर टेक्निशियनना सगळे भाऊच म्हणतात. केमिस्ट्रीची डिग्री त्यांच्याकडे नाही, पण वीस-बावीस वर्षं त्यांनी फक्त पाणी तपासलंय. संध्याकाळी सह्या करताना ते माझ्या ओळीवर थांबले. काही विचारलं नाही. फ्रीजमधून तीच बाटली काढली, ब्युरेट भरली आणि माझ्यासमोर तीनदा टायट्रेट केलं. ८.६, ८.७, ८.६.

मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, 'बरोबरच होतं ना भाऊ.'

'बरोबर आलं,' भाऊ म्हणाले. 'पण बरोबर हाये हे तुले माहीत नव्हतं ना.'

एवढंच. रागावले नाहीत, मोठ्या साहेबांना सांगितलं नाही. हात धुतले, डबा उचलला आणि बसला निघाले. मी मात्र त्या दिवशी मेट्रोत लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत तेच वाक्य घोळवत बसले. इथे सरांची वही नाही. बाटलीत काय आहे ते जगात कुणालाच माहीत नाही. मी सांगेन ते उत्तर, आणि मी चुकले तर तपासायला कुणी बसलेलं नाही. कॉलेज संपलं म्हणजे नेमकं काय संपलं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. भीती वाटली. पण लॅबला लागल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी खरं वाटलं.

मग २३ सप्टेंबर उजाडला. नागपूरकरांना ती रात्र वेगळी सांगायला नको. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या, मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. मोरभवनात एसटी गाड्या बुडालेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. शनिवार होता. त्या दिवशी मी लॅबला पोचूच शकले नाही.

सोमवारपासून लॅबच्या दारात माणसं. एरवी येतात त्या कंपन्यांच्या गाड्या, ही घरची माणसं होती. जुन्या नागपुरात अजून कितीतरी घरांत विहिरी आहेत, आणि पुराचं पाणी गटारासकट त्या विहिरींत उतरलं होतं. कुणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी आणलेलं, कुणी तेलाच्या कॅनमध्ये, एकानं तर दुधाच्या बरणीत. त्यांना सांगावं लागायचं की यात तपासता येणार नाही. बाटली १२१ अंशांवर वाफेनं निर्जंतुक, म्हणजे ऑटोक्लेव्ह केलेली लागते, तोंडाला कागद बांधलेली, नाहीतर जंतू विहिरीतले की बरणीतले ते कळणार कसं? माणसं वैतागायची. चिखल उपसून आलेली माणसं, त्यांचं काय चुकलं? मग भाऊंनी ठरवलं की आपणच जाऊ. नमुने आणणारा मुलगा एकटा पुरेना, म्हणून निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा देऊन मलाही पाठवलं.

शंकरनगरच्या मागच्या बाजूला, नदीच्या काठाशी एक जुनं घर. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ. घरात एक आजी आणि त्यांचा पुतण्या. आजींनी गाद्या रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे तेवढे वर माळ्यावर, कोरडे. 'त्याईले आधी वर नेलं,' त्या म्हणाल्या, 'बाकी गेलं.' मी बाटलीला दगड बांधून ती दोरीनं विहिरीत सोडली. कठड्याला लागू न देता सोडायची, पाण्याखाली बुडवून भरायची. हात थरथरत होता, दोनदा बाटली बदलावी लागली.

या तपासणीत पंधरा नळ्या लागतात. प्रत्येकीत जंतू वाढवायचं द्रावण, मॅकॉन्की ब्रॉथ, आणि आत एक छोटीशी उलटी नळी, डरहॅम ट्यूब. त्यात नमुना घालून ३७ अंशांवर ठेवायचं. पाण्यात कोलिफॉर्म गटातले जंतू असतील तर ते ब्रॉथमधली लॅक्टोज साखर आंबवतात, गॅस होतो, आणि उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. बुडबुडा असेल तर पुढे विष्ठेतल्या जंतूंची खात्री करायची. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही नको, असं आपलं भारतीय मानक सांगतं. आजींच्या विहिरीच्या पंधराही नळ्यांत चोवीस तासांतच बुडबुडे आले. ते मी अपेक्षितच धरलं होतं. पण त्या नळ्यांकडे बघताना मला कोड नाही, माळ्यावरचे मुखवटे दिसत होते.

विहीर उपसून, गाळ काढून, पाणी पुन्हा भरल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची होती. दोन मीटर व्यास, पाच मीटर पाणी, म्हणजे साधारण १५,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर ४० ग्रॅम होते. पुराची विहीर म्हणून भाऊंनी दुप्पट सांगितलं. पुतण्याला मी उभं राहून शिकवलं. आधी पावडर बादलीत कालवायची, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. एक तास थांबायचं. मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट. नळीतलं पाणी पिवळं झालं तेव्हा आजी म्हणाल्या, 'हे त हळदीवानी दिसते.' वासाची मात्र त्यांना अडचण होती. देवाला हे पाणी कसं चालेल, असं त्यांनी तीनदा विचारलं.

आठवड्यानं दुसरा नमुना घेतला. सात नळ्यांत बुडबुडे. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा आजींनी तो उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. त्यांना वाचता येत नव्हतं.

'मले आकडे नोको सांगू पोरी. तू पिशीन का हे पाणी?'

मला हो म्हणता आलं असतं तर किती बरं वाटलं असतं. म्हटलं, 'नाही आजी, मी नाही पिणार.' त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, पण त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि म्हणाल्या, 'ऐकलं? टँकरचंच भर मग.'

लॅबमध्ये भाऊंना सांगितलं. त्यांनी विचारलं, 'धुण्याचा दगड कुठं हाये?' मला आठवेना. पाच वर्षांच्या केमिस्ट्रीत हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी शंकरनगरला उतरून बघितलं. दगड विहिरीच्या ओट्यालाच लागून, आणि ओट्याला बोट जाईल एवढी भेग. कपड्यांचं, भांड्यांचं सगळं पाणी त्या भेगेतून परत विहिरीत मुरत होतं. वरून कितीही टीसीएल टाका, खालून गटार चालूच. पुतण्यानं भेग सिमेंटनं बुजवली, दगड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला, नाली काढली. त्यानंतर पावडर पुन्हा टाकली.

मधल्या दिवसांत माझे बँकेचे फॉर्म भरायचे राहून गेले. पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी तिला अर्धा तास धुण्याच्या दगडाबद्दल सांगत होते. ती म्हणाली, 'तुला काय झालं आहे?' तेव्हाही मला नीट सांगता आलं नाही. नीरीचं स्वप्न गेलं नव्हतं, आजही आहे, नेट परीक्षेचा अभ्यास रात्री करतेच. पण सकाळी बाटल्या धुताना मी आता तीनदा डिस्टिल्ड वॉटर फिरवते, आणि तिसऱ्यांदा फिरवताना कुणी बघत आहे की नाही हे माझ्या डोक्यात येत नाही.

दिवाळीनंतर आजींच्या विहिरीचा पुन्हा नमुना घेतला. ४८ तासांनी रॅक बाहेर काढला. पंधरा नळ्या, एकीतही बुडबुडा नाही. मी रॅक खिडकीशी नेला आणि उजेडात एकेक नळी पहिल्यापासून पुन्हा बघितली. मग भाऊंना दाखवला, त्यांनीही एकेक बघितली आणि सही केली.

रिपोर्ट द्यायला संध्याकाळी मीच गेले. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसली होती, चुना नवा होता. आजींनी कागदाची घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवली. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या. पाण्याला टीसीएलचा हलका वास होता. मी उभ्याउभ्याच पेला रिकामा केला.