मावशीचं कालनिर्णय

मावशी गेल्यावर पंधराव्या दिवशी मी आणि आई तिचं ठाण्याच्या चरईतलं घर आवरायला गेलो. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत होतं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि जूनच्या पानावर तिच्या त्या वळणदार, फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'विल – वकिलांना विचारणे'. ऑगस्टच्या पानावर पुन्हा तेच. नोव्हेंबरात त्याच शब्दांखाली दोन रेघा. डिसेंबरात ती गेली.

मावशी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. काका लग्नानंतर सहाव्या वर्षी गेले, मूलबाळ नाही. १९८६ साली पतपेढीचं कर्ज काढून तिने त्या दोन खोल्या घेतल्या, हप्ता पगारातून कापला जायचा. शेवटची नऊ वर्षं तिचे गुडघे गेले, मग डायलिसिस लागलं. आई रोज नौपाड्यातून डबा घेऊन चालत जायची. "हे घर माझ्या बहिणीचं," असं मावशी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचंच नाव होतं. आम्हाला वाटलं, आता आणखी काय लागतं?

वकीलबाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "मृत्युपत्र आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातलं कलम १५ त्यांनी आम्हाला सावकाश समजावलं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला मिळते. ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर, आणि बहीण-भाऊ त्याहून मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता असती तर ती माहेराकडे परत गेली असती. पण हे घर मावशीने स्वतःच्या पगारातून घेतलेलं. म्हणजे जे तिने स्वतः कमावलं, तेच सासरी जाणार! हे ऐकताना माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेलेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली एक बाई. माहेरच्यांनी तिला शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले. मृत्युपत्र न करता ती गेली आणि सगळं नणंदेच्या मुलांना मिळालं. वकीलबाई म्हणाल्या, सहानुभूतीवर निकाल लागत नाही.

आणि नॉमिनी? तो फक्त सांभाळणारा, मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

मावशीच्या दिरांची मुलं सांगलीहून आली. माणसं वाईट नव्हती. मावशीला ती लग्नाकार्यात भेटलेली, तेवढीच ओळख. कायद्याने मिळालं ते त्यांनी घेतलं, त्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या मनाला लागतं ते एवढंच, की मावशीची इच्छा सगळ्या चरईला माहीत होती आणि कागदावर तिची एक ओळही नव्हती. जाताना त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?" आईने शिलाई मशीन मागून घेतलं.

किती थोडक्यात काम झालं असतं! मृत्युपत्राला साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. स्वतःची सही हवी आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या आपल्यासमोर केलेल्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि शेजाऱ्यांना आपली गोष्ट कळेल म्हणून अडून बसू नका. आत काय लिहिलंय हे साक्षीदारांनी वाचायची गरज नसते, ते फक्त सहीचे साक्षी. पुढे मन बदललं तर नवीन करता येतं. ज्यांना मूल नाही, ज्या एकट्या राहतात, ज्यांनी स्वतःच्या नावावर घर घेतलंय, अशा माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी हात जोडून सांगते आहे, याच महिन्यात बसा.

मी माझं केलं. समोरच्या काकू आणि आमचे डॉक्टर साक्षीला होते, अर्ध्या तासात झालं. मग आई म्हणाली, माझंही लिही. घर आम्हा दोघा भावंडांना, पाटल्या सुनेला, असं ती सांगत गेली. शेवटी म्हणाली, "शिलाई मशीन तुझ्या लेकीला."

"कुठलं ते नीट लिहायला हवं, आई. कंपनी, नंबर काही?"

"काळं, पायाचं, ताईचं," आई म्हणाली. मी तसंच लिहिलं.