वर्षाला एक चित्र

घरी कुणी पहिल्यांदा आलं की आधी दिवाणावरच्या भिंतीकडे बघतं. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि कपबशी खाली ठेवताना प्रश्न येतोच, "ही हातानं काढलेली चित्रं आहेत? परवडतात कशी तुम्हाला?" भावजयीनं विचारलं, बँकेतल्या मैत्रिणींनी विचारलं, गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनीही विचारलं. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बैजवार सांगते.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे चित्रकार दिसणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याच्या काठावर सकाळी मुलं बोर्ड मांडीवर घेऊन जलरंगात निसर्गचित्रं करत बसलेली असायची. आम्ही त्यांच्या पाठीमागे श्वास रोखून उभ्या राहायचो. शाळेत मीही चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या. इतकं सगळं असूनही आमच्या घरात भिंतीवर कायम कॅलेंडरच होतं. समोर रंगणारं ते चित्र पैसे देऊन घरी आणता येतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही. "वा, काय हात आहे!" म्हणायचं आणि भाजी घ्यायला पुढे जायचं. त्या मुलांतल्या कितीजणांनी पुढे ब्रश ठेवून दिला असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला आणि तो अजून टोचतो.

लग्नानंतर बंगळूरला आले. इथे कुमारकृपा रोडवर कर्नाटक चित्रकला परिषद आहे. २००३ पासून ही संस्था जानेवारीतल्या एका रविवारी 'चित्रसंते' भरवते. संते म्हणजे आपला आठवडी बाजार. त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद असतो आणि दोन्ही बाजूंना, परिषदेच्या आवारात, झाडांखाली, हजाराहून जास्त चित्रकार आपापली चित्रं मांडून बसतात. प्रवेश फुकट. शंभर रुपयांच्या छोट्या कागदापासून लाखाच्या कॅनव्हासपर्यंत सगळं एकाच रस्त्यावर. परिषदेचं म्हणणं आहे, 'मनेगोंदु कलाकृति', म्हणजे घराला एक कलाकृती. पहिल्यांदा त्याचा अर्थ शेजारणीनं सांगितला तेव्हा मला घाटावरची ती मुलंच आठवली.

पैशाचं उत्तर अगदी साधं आहे. दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला पडतात. जानेवारीत सहा हजार होतात आणि त्यात एक चित्र येतं. एकच. अकरा वर्षांत अकरा चित्रं झाली. घर भाड्याचं आहे, घरमालकांनी खिळे मोजून ठोकायला सांगितलेत, त्यामुळे चित्रंही लहानच घेतली. लहान चित्र म्हणजे कमअस्सल चित्र, असं मात्र समजू नका.

खरं उत्तर 'काय घ्यायचं' यात आहे, आणि ते मी एकदा फसून शिकले. सुरुवातीला एका हॉटेलच्या हॉलमधल्या प्रदर्शनात नऊ हजाराला एक मोठा कॅनव्हास घेतला होता. सोफ्याच्या रंगाला जुळतो म्हणून घेतला. विकणाऱ्यानं ॲक्रिलिक म्हणून सांगितलं. घरी आणून फ्रेमवाल्याकडे नेला तर त्यानं तो उजेडात तिरका धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा छापील आहे." मशीनवर कॅनव्हास छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले होते. फटकारे एकीकडे चालले होते, खालचा रंग दुसरीकडे. भिंगाखाली शाईचे बारीक ठिपके दिसले. मला रडू आलं. पैशाचं दुःख होतंच, पण ज्या हाताला मी दाद दिली तो हातच तिथे नव्हता, याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून पर्समध्ये भिंग असतं आणि चित्र नेहमी तिरकं धरून बघते.

छापलेलं म्हणजे वाईट, असं मात्र नाही, आणि हे समजावताना मला थोडा वेळ द्या. माझ्याकडच्या अकरांपैकी पाच छापचित्रं आहेत. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा ठसा, वुडकट म्हणजे लाकडावर कोरलेला आणि लिनोकट म्हणजे लिनोलियमवर कोरलेला. यात चित्रकार स्वतः ठसा तयार करतो. एचिंगमध्ये जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्ल टिकेल असा लेप लावतात, त्यावर सुईनं रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचा. प्रत्येक प्रतीला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत. खाली पेन्सिलीनं ४/१२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे बारांतली चौथी प्रत, आणि शेजारी सही. कागदावरून हलकं बोट फिरवायची परवानगी मिळाली तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन लागतो. मशीनच्या छपाईत हा दाब नसतो. एका चित्राच्या मेहनतीची किंमत अशी बारा घरांत वाटली जाते, म्हणूनच माझ्यासारखीला ते परवडतं.

माझं सगळ्यांत आवडतं चित्र असंच आहे. बडोद्याला शिकलेली एक मुलगी संतेत झाडाखाली सतरंजी घालून बसली होती. तिच्या एचिंगमध्ये फणसाचं झाड, खाली सिमेंटची पाण्याची टाकी आणि टाकीच्या कडेवर उलटा घातलेला एक तांब्या होता. बाकी माणूस नाही, काही नाही. सकाळी बघितलं आणि पुढे गेले. माझा नियम आहे, पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. दोन-तीन तास नुसतं बघायचं, जागेचे नंबर वहीत टिपायचे, मग कुठेतरी बसून डबा खायचा आणि वही मिटून स्वतःला विचारायचं, काय आठवतंय? त्या दिवशी मला तो तांब्याच आठवत होता. परत गेले. तिला विचारलं, कागद कुठला, पत्रा कशाचा, किती वेळा आम्लात सोडला. तिनं सांगितलं की फणसाच्या पानांमधला गडद काळोख आणायला ती पत्रा चार वेळा आम्लात सोडते आणि तिसऱ्या वेळेला एकदा अख्खं काम वाया गेलं होतं. साडेतीन हजार किंमत सांगितली. मी दिली.

घासाघीस करत नाही मी, आणि तुम्हीही करू नका अशी हात जोडून विनंती आहे. त्या साडेतीन हजारांत कागद आहे, शाई आहे, रात्रभराच्या रेल्वेचं तिकीट आहे, न विकलेल्या चित्रांचं ओझं परत नेणं आहे. परवडत नसेल तर त्याच चित्रकाराकडे लहान काही आहे का विचारावं. बहुतेकांकडे असतं, आणि ते आनंदानं दाखवतात. लंडनला असलेली माझी मावसबहीण सांगते की तिथे १९९९ मध्ये बॅटरसी पार्कात सुरू झालेल्या 'अफोर्डेबल आर्ट फेअर'मध्ये किमतीला वरची मर्यादा असते आणि प्रत्येक चित्राशेजारी किंमत लिहिलेली असते, त्यामुळे बुजरी माणसंही निर्धास्त फिरतात. सोय चांगलीच आहे. पण किंमत विचारताना जे बोलणं सुरू होतं, ते मला सोडवत नाही.

"पुढे भाव वाढेल का?" हेही विचारतात. त्यासाठी सोनं घ्या. चित्र रोज बघण्यासाठी असतं.

घरी आणल्यावरचं थोडक्यात सांगते. कागदावरच्या कामाला फ्रेम करताना माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित बोर्डाचा मागायचा, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. काच चित्राला टेकता कामा नये, पावसाळ्यात बुरशी धरते. जलरंग उन्हासमोर लावायचे नाहीत, काही गुलाबी आणि जांभळे रंग फार लवकर उडतात. कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर सैल गुंडाळायचा. आणि चित्रकाराचं नाव, साल, माध्यम एका कागदावर लिहून मागे पाकिटात ठेवायचं.

बंगळूरला येणं जमेलच असं नाही, मला कळतं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात. जे. जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांचं काम विकत मिळतं, आणि शिकत असताना मिळालेली पहिली कमाई माणूस जन्मभर विसरत नाही. कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारकात प्रदर्शनं होतात. माहेरी गेले की मी तिथे डोकावतेच. गेल्या खेपेला आईला घेऊन गेले. घाटाचं एक जलरंगातलं चित्र होतं, पायऱ्यांवर सकाळचं पिवळं ऊन पडलेलं. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हे आपल्याला देतील का गं?" आता ते तिच्या कॅलेंडरच्या शेजारी आहे.

येत्या जानेवारीत येणार असाल तर आदल्या रात्री कळवा. शिवानंद सर्कलच्या बाजूनं, सकाळी नऊच्या आत शिरायचं, दुपारनंतर गर्दीत चित्रासमोर उभं राहता येत नाही. पाणी, टोपी आणि वही घेऊन या. भिंग माझ्याकडे आहे.