कलम 37 ची नोटीस आणि आमच्या गल्लीची हरकत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ई-निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मध्ये, ती जाहीर नोटीस होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 37(1) अन्वये अशी सुरुवात, मग मौजे, मग सर्व्हे नंबर, आणि शेवटी खरी गोष्ट: 'खेळाचे मैदान' या आरक्षणाखालील क्षेत्र आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचं प्रस्तावित आहे. सर्व्हे नंबर आमच्याच सातबाऱ्यावरचा होता, फक्त हिस्सा वेगळा. म्हणजे गल्लीच्या टोकाची ती मोकळी जागा, जिथे पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचे मांडव पडतात आणि सप्टेंबरात तळं होतं.

मी विजापूर रस्त्याच्या बाजूला, हद्दवाढ भागात राहते. घरातच शाळेच्या गणवेशाचं छोटं शिलाई युनिट आहे. 1992 च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं शहरात आली आणि सोलापूरचं क्षेत्र सुमारे 178 चौरस किलोमीटर झालं. त्यानंतर शेतं पडली, प्लॉट झाले, कुठे रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी घेऊन, तर कुठे गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेले. प्लॉट घेताना आपण दर विचारतो, पाण्याचं विचारतो, फार तर रस्ता किती फुटी ते बघतो. शहरातली कुठली जागा कशासाठी राखायची हे महापालिकेच्या विकास आराखड्यात ठरतं; शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यात काय आहे, हे कोण विचारतं? मीही नव्हतं विचारलं, आणि त्यात मला काही वावगंही वाटत नाही. ते माहीत असायला आपण काय आर्किटेक्ट आहोत?

नोटिशीत हरकती-सूचना द्यायला एक महिना दिलेला होता. कायद्यातच तसं आहे. गल्लीत पहिली प्रतिक्रिया आली ती 'मोर्चा काढू'. दुसरी, 'माहिती अधिकार टाकू'. माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदत 30 दिवस. कागद हातात येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली. त्यापेक्षा नोटिशीतलंच एक वाक्य कामाचं निघालं: प्रस्तावित फेरबदलाचा नकाशा नागरिकांच्या अवलोकनासाठी कार्यालयीन वेळेत नगररचना विभागात ठेवला आहे. ठेवला आहे म्हणजे जाऊन बघायचा. अर्ज नको, फी नको.

आमच्या गल्लीत भूमिअभिलेखातून निवृत्त झालेले एक भूकरमापक राहतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी आणि अण्णा गेलो. नकाशा बघितला, फोटो काढायला परवानगी मागितली, मिळाली. मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा मात्र फी भरून, पावती घेऊन रीतसर काढला, कारण हरकतीला जोडायला सही-शिक्क्याची प्रतच लागते. सातबारा डिजिटल सहीचा, 15 रुपयांत ऑनलाइन मिळाला. गाव नकाशाची प्रत अण्णांनी स्वतःच्या जुन्या ओळखीच्या जोरावर नाही, तर रांगेत उभं राहून काढली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सुनावणीत आमचा प्रत्येक कागद पावतीसकट होता.

घरी कटिंगच्या टेबलावर कापड बाजूला सारून तिन्ही नकाशे अंथरले. अण्णांनी रंग समजावले. पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवं ते मैदान-बगिचा. आमच्या टोकाच्या जागेवर हिरवा रंग आणि आरक्षण क्रमांक. मग त्यांनी गाव नकाशावर पेन्सिल ठेवली. जागेच्या पश्चिम अंगाने एक बारीक दुहेरी रेघ जात होती. "हा ओढा बघ." मी म्हटलं, "अण्णा, तिथे ओढा कुठाय?" ते म्हणाले, "तुला दिसत नाही म्हणून पाण्याला दिसत नाही होय?"

तेव्हा उलगडलं की दर सप्टेंबरात तिथेच पाणी का साचतं. आपल्याकडे पाऊस मुळातच कमी, पण परतीचा येतो तेव्हा दोन तासांत सगळी कसर भरून काढतो. तीन गल्ल्यांचं पाणी उतरून त्या मैदानात येतं आणि तिथून जुन्या ओढ्याच्या वाटेने पुढे सरकतं. आणि प्रस्तावासोबतच्या नकाशात ती दुहेरी रेघच नव्हती. कुणी मुद्दाम गाळली असं मी म्हणणार नाही. गुगलवर दिसत नाही ते ड्रॉइंगमध्ये येत नाही, एवढं साधं कारणही असू शकतं. आमच्या धंद्यात कापड कापायच्या आधी त्यावर मार्कर, म्हणजे सगळे भाग आखलेला कागद, अंथरतात, आणि मार्करमध्ये बाही राहिली तर ती कात्री लागायच्या आधीच सांगावी लागते. हरकतीचा महिना म्हणजे तेवढीच वेळ.

आता गल्लीला सांगायचं होतं. आमच्याकडे एका बोळात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चार भाषा आहेत. बायका दुपारी विड्या वळत बसतात, पुरुष यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. मीटिंग कधी घ्यायची, यावरच खल झाला, कारण पाण्याच्या दिवशी कुणी येणार नाही. चार-पाच दिवसांआड नळ येतो, त्या वेळी खुद्द विठोबा दारात आला तरी त्याला 'थांब जरा' म्हणतील. अखेर पाणी नसलेल्या दिवशी, संध्याकाळी, मैदानातच बसलो. मी मराठीत सांगायचं, समोरची अक्का तेलुगूत सांगायची, आणि मध्येच कुणीतरी कन्नडमधून शंका काढायचं.

सह्यांची मोहीम काढायचं ठरतच होतं. अण्णांनी अडवलं. एकच मजकूर झेरॉक्स करून शंभर सह्या घेतल्या तर ती एकच हरकत ठरते. त्यापेक्षा ज्याला जे खरंच माहीत आहे ते त्याने लिहावं. मग गंमत झाली. ज्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं त्यांनी पाण्याबद्दल लिहिलं आणि मोबाईलमधले जुने फोटो तारखेसकट जोडले. शाळेतल्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या शाळेला अंगण नाही आणि मुलांची कवायत याच जागेत होते. एका रिक्षावाल्या मामांनी मोजून लिहिलं की पुढचं मैदान गाठायला मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. मी एक नकाशा काढला: आमची वस्ती, शाळा, आणि अर्ध्या किलोमीटरच्या आत मैदान म्हणून काय काय आहे. त्यात हिरवी एकच जागा होती.

प्रत्येक हरकतीच्या शेवटी आम्ही एक 'सूचना'ही लिहिली. खरं तर मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचं आहे.

कारण मधल्या काळात मी जागेच्या मालकांना भेटले. गल्लीतल्या काहींना ते आवडलं नव्हतं. त्यांच्या मते समोरच्या पार्टीशी बोलायचं नसतं. मालक म्हणजे कुणी बिल्डर नव्हे, गावातलंच शेतकरी कुटुंब. चहा झाला आणि काका म्हणाले, "ताई, तुमच्या पोरांचं मैदान ते, पण सातबारा माझा आहे की. आरक्षण पडलं तेव्हा वडील होते. पैसे मिळतील, जागा घेतील म्हणत म्हणत गेले. विकता येईना, बांधता येईना, कर्ज मिळेना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं बोलत होते. नगररचना कायद्यात अशा मालकासाठी कलम 127 आहे. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. म्हणजे काकांनी तो मार्ग धरला असता तर आम्हाला हरकत घ्यायलाही जागा राहिली नसती. शहरात भूसंपादन करायचं तर 2013 च्या कायद्याने बाजारभावाच्या दुप्पट रक्कम मोजावी लागते. तेवढे पैसे एका मैदानासाठी कुठली महापालिका सहज काढते?

म्हणून 'आरक्षण उठवू नका' एवढंच लिहिणं मला पोकळ वाटायला लागलं. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षण नावाची सोय आहे. मालकाने ठरावीक भाग मैदान म्हणून तयार करून महापालिकेकडे द्यायचा आणि उरलेल्या भागावर स्वतः बांधायचं. टीडीआरचाही पर्याय आहे, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, पण काकांना असा कागदावरचा एफएसआय नको होता, त्यांना दोन मुलांसाठी दोन घरं हवी होती. आमची सूचना अशी तयार झाली: ओढ्याच्या अंगाचा पश्चिमेकडचा सखल भाग मैदान म्हणून राहू द्या, तिथे कुणी बांधलं तरी पाणी त्याच्याच घरात शिरणार आहे. रस्त्याकडचा उंच भाग मालकाला मोकळा करा. गल्लीत यावर भांडण झालं. "आपणच अर्धं देऊन टाकायचं?" हा प्रश्न एका तरुणाने विचारला तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि निम्मी माणसं हसली. अर्थ मला नंतर कळला: सगळं मागणारा उपाशी निजतो, अशा धर्तीचं काहीतरी.

हरकती आवक विभागात दिल्या, प्रत्येक दुय्यम प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. काहींना हा शिक्का म्हणजे नसता सोपस्कार वाटतो. सुनावणीचं पत्र त्याच क्रमांकावर येतं, त्यामुळे तो कागद घरात देवाजवळ ठेवला तरी चालेल.

सुनावणी ऐन कामाच्या दिवशी. विडी कामगार बाईचा रोज बुडतो, यंत्रमागावरच्या माणसाची पाळी जाते. तरी बरेच जण आले. आत मोजक्याच खुर्च्या, एका बाजूला मालक आणि त्यांचे आर्किटेक्ट, दुसऱ्या बाजूला आम्ही. ज्यांच्या अर्जांचा मजकूर सारखा होता त्यांना एकत्र बोलावलं, वेगळं लिहिणाऱ्यांना एकेकटं. इथे अण्णांचं म्हणणं खरं ठरलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा मला पहिला प्रश्न आला, "मॅडम, जागा तुमची नाही. तुमचा यात संबंध काय?" याची तयारी होती. कलम 37 मध्ये हरकत 'कोणत्याही व्यक्तीकडून' मागवायची आहे, जागामालकाकडूनच असं कुठे म्हटलेलं नाही. मी ते वाक्य वाचून दाखवलं. बंगळूरच्या एका उद्यानाच्या जागेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निकाल आहे. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली, त्याविरुद्ध आजूबाजूचे रहिवासीच कोर्टात गेले होते आणि त्यांचं म्हणणं मान्य झालं. त्याची प्रतही फाईलला होती, पण काढायची वेळ आली नाही. साहेबांनी मान हलवली आणि विचारलं, "बरं, पर्याय काय?"

मग अण्णांनी गाव नकाशा पुढे केला आणि बोट ठेवलं. आर्किटेक्टनी वाकून बघितलं. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनीच विचारलं, "हा नाला प्रत्यक्षात किती रुंद आहे?" सगळी सुनावणी त्या प्रश्नाने फिरली. तोवर 'मुलांचं भविष्य' आणि 'आमचे हक्क' अशी वाक्यं येत होती आणि टायपिस्ट ती थोडक्यात उरकत होता. नाल्याचा विषय निघाल्यावर स्थळपाहणी करावी, असं टिपणात आलं. पुराचे फोटो त्याच वेळी मागून घेतले. शाळेच्या बाईंचं पत्रही त्यांनी पूर्ण वाचलं. काका मात्र गप्प बसून होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "रस्त्याकडचा भाग मला, हे लिहून दिलंय ना तुम्ही?" मी प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

स्थळपाहणी झाली. आखणीसाठी फीत धरायला गल्लीतली पोरंच पुढे होती. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज केला. आता घाई नव्हती, 30 दिवस चालणार होते. अहवालाची प्रत मिळाली. त्यात आमच्या हरकती क्रमाने, प्रत्येकीपुढे अभिप्राय. बहुतेकांपुढे 'नोंद घेतली', दोन-तीन ठिकाणी 'मान्य करणे उचित वाटत नाही', आणि ओढ्याच्या मुद्द्यापुढे आणि आमच्या सूचनेपुढे 'अंशतः विचारात घेऊन प्रस्तावात बदल'. पश्चिमेचा पट्टा मैदान म्हणून कायम ठेवावा, उर्वरित क्षेत्र वगळावं, असा सुधारित प्रस्ताव शासनाकडे गेला आहे. फेरबदलाला मंजुरी राज्य शासनाचा नगरविकास विभाग देतो आणि मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येते, त्यामुळे मैदान अजून कागदावर पक्कं नाही.

एका गोष्टीवर आमचं आणि काकांचं अजून जमलेलं नाही. मैदानात जायचा रस्ता कुठून? त्यांच्या नकाशात तो मुख्य रस्त्याकडून आहे, म्हणजे आमच्या पोरांना वळसा. आम्हाला गल्लीच्या टोकाचं फाटक हवं आहे. आर्किटेक्ट म्हणतात की लेआउट मंजुरीच्या वेळी ते बसवता येईल, आणि अण्णा म्हणतात, आत्ताच लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात, पाण्याचा दिवस चुकवून, काकांच्या ओसरीवर बसायचं ठरलं आहे. अण्णा फीत घेऊन येणार आहेत.