दाराशी अकरा वेळा

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज धाकटा माझ्या खोलीच्या दाराशी अकरा वेळा आला. सकाळच्या पहिल्या कॉलला त्याने दार वाजवलं तेव्हा वहीच्या कोपऱ्यात माझ्या हातून एक रेघ ओढली गेली, आणि मग दिवसभर ओढतच राहिले. अकरापैकी तीनदा त्याला खरंच काही हवं होतं: एकदा शी, एकदा पाणी, आणि एकदा पावसात वीज गेली तेव्हा भीती वाटली म्हणून. उरलेल्या आठ वेळा त्याला फक्त मी हवी होते.

मी दार उघडलं पाच वेळा.

खोली लहानच आहे. एक टेबल, लॅपटॉप, खिडकीत वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून भिंतीकडे वळवलेली खुर्ची. ऑफिस पुण्याला, काम टेस्टिंगचं. ह्यांची कुपवाड एमआयडीसीत या आठवड्यात पहिली पाळी, त्यामुळे मुलं उठायच्या आत ते घराबाहेर. सांगलीच्या गावभागातल्या घरात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं, तेव्हापासून सासूबाई इथे विश्रामबागेत राहतात. आम्ही नंतर येऊन मिळालो. पावसाळा आला की त्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आता धाकट्यालाही पाठ होतील. त्या खूप करतात. पण गुडघ्यांची वाटी झिजलेल्या माणसाने अडीच वर्षांच्या पोरामागे किती धावायचं?

शेजारच्या काकू आजही म्हणाल्या, "घरीच असतेस, किती बरं!" त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण गॅसची टाकी घ्यायला, कुरिअर ठेवून घ्यायला मी 'घरी' असते, आणि मुलासाठी 'कामात' असते, हे कुणाला कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

थोरली झाली तेव्हा आम्ही पुण्यात होतो, साल २०१६. पगारी रजा बारा आठवड्यांची. तिला पाळणाघरात ठेवून जिना उतरताना ऐकलेलं रडणं अजून कानात आहे. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि धाकट्याच्या वेळी मला २६ आठवडे मिळाले. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंनी ठरलं तर घरून काम करता येतं, हेही त्याच दुरुस्तीत आलं. मला ते मिळालं, म्हणून सांगली शक्य झाली. याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पण त्याच दुरुस्तीत पुढे असंही आलं की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. ती सोय इमारतीची. मी इमारतीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर आले आणि पाळणा तिकडेच राहिला. अंगणवाडी तीन वर्षांनंतर, तीही थोड्या तासांची. तोपर्यंत आमचा पाळणा म्हणजे सासूबाईंचे गुडघे आणि शाळेतून आलेली नऊ वर्षांची थोरली.

थोरलीचंच जास्त लागतं मनाला. ती दप्तर टाकते, हात धुते आणि मला न विचारता त्याला वरणभात भरवायला बसते. "तुझा कॉल असला की मी त्याला गच्चीवर नेते," असं आज तिने मला सांगितलं, एखादा नियम सांगावा तसं. हा नियम मी घातलेला नाही. तिने घरातली हवा बघून स्वतःच लावून घेतला. तिच्या वयाच्या मुली त्या वेळी खाली लंगडी खेळत असतात, त्यांचा आवाज माझ्या हेडफोनमधूनही ऐकू येतो.

आणि मग दुपारची गोष्ट. सव्वातीनला मी ताटं पुसत होते, काम नव्हतं, लॅपटॉप नुसता ओट्यावर उघडा होता. धाकटा आत आला, लॅपटॉप बघितला, आणि ओठांवर बोट ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी हाक मारली तरी तो कुजबुजतच म्हणाला, "आई, गाडी तुटली." चाक निघालेली लाल गाडी पुढे धरली होती. मी खाली बसले, गाडी हातात घेतली, आणि मला काही दिसेना.

मुलं गप्प राहतात म्हणून लोक कौतुक करतात. गेल्याच आठवड्यात कॉलवर कुणीतरी म्हणालं, तुझ्याकडे मुलं आहेत असं वाटतच नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आत्ता, सगळे झोपल्यावर, ऑफिसचं कॅलेंडर उघडून रोजचा चार ते पाच हा वेळ बंद केला. तो तास रात्री भरून देईन, असं वरिष्ठांना लिहिलं. याआधी असा वेळ घेतला की कारणात 'नेटची अडचण' किंवा 'बँकेचं काम' टाकायचे. आज 'मुलं' लिहिलं. पाठवायच्या आधी दोनदा वाचलं, खोडलं नाही.

चाक अजून बसत नाहीये, खाच झिजली आहे. दोऱ्याने बांधून पाहिलं. सकाळी ह्यांच्याकडून तार मागून घेईन. मटकी भिजत घातली आहे.